रेग्युलेटरला उंची कळत नाही

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी पुढे वाहनाची चाचणी घेतली, तेव्हा जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाहनाच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे केरळचेच आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या बंद खोलीत बेशुद्धावस्थेत आढळले. त्यांत चार मुले होती. थंडी फार म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता. आठांपैकी एकही वाचला नाही.

या दोन्ही घटनांत दोष गॅसच्या रेग्युलेटरचा नव्हता, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. तथापि छोटी बंद जागा, बाहेर थंडी किंवा उकाडा, आत झोपलेली माणसे आणि जवळपास जळणारे इंधन ही जी मांडणी तेथे होती, तीच मांडणी प्रत्येक कॅम्परव्हॅनमध्ये असते. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. तेव्हापासून टेम्पो किंवा व्हॅन घेऊन तिच्यात शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र आणि हीटर बसवून थेट मनाली, स्पिती, लेह गाठण्याचे वेड वाढत आहे. अशा वाहनात सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत, बहुधा शेजारच्या दुकानातून घेतली जाणारी वस्तू म्हणजे रेग्युलेटर. वास्तविक तिचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. किंबहुना, तो नीट केला तर काही प्रवाशांना आपल्या वाहनात गॅसचा हीटर नकोच, असा निष्कर्ष काढावा लागेल.

रेग्युलेटर करतो काय, येथून सुरुवात करू. सिलिंडरमधील दाब हा आतील द्रव किती थंड किंवा गरम आहे यावर ठरतो. शुद्ध प्रोपेन २० अंश सेल्सिअसला सुमारे ८ बार निरपेक्ष दाब देतो, तर शुद्ध ब्यूटेन जेमतेम २ बार. बर्नरला मात्र वातावरणापेक्षा फक्त ३० मिलिबार जास्त, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब हवा असतो. रेग्युलेटरच्या पोटात एक लवचीक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस गॅस, दुसऱ्या बाजूस स्प्रिंग आणि बाहेरची हवा. गॅसचा दाब वाढला की पडदा सरकून तोंड आवळतो, कमी झाला की सैल करतो. विजेशिवाय अहोरात्र चालणारा हा तराजू आहे, आणि कोणत्याही तराजूप्रमाणे तो दोन बाजूंची तुलना करतो. पलीकडच्या पारड्यात बाहेरची हवा आहे, ही गोष्ट पुढे लेहच्या संदर्भात महत्त्वाची ठरणार आहे.

पहिली कसोटी दाबाची. हीटरच्या पट्टीवर जो दाब कोरलेला असेल, तोच रेग्युलेटरच्या पट्टीवर असला पाहिजे. त्यात अंदाजपंचे चालत नाही. युरोपात याबाबत एकेकाळी मोठा गोंधळ होता. जर्मनीतील कॅराव्हॅन ५० मिलिबारवर चालत, तर ब्रिटनमध्ये ब्यूटेनसाठी २८ आणि प्रोपेनसाठी ३७ मिलिबार असे दोन वेगळे रेग्युलेटर असत. ईएन १९४९ या मानकानंतर नव्या वाहनांसाठी ३० मिलिबार हा एकच आकडा रूढ झाला. परंतु जुनी उपकरणे अजून बाजारात फिरतात आणि वापरलेला आयात हीटर स्वस्तात मिळाला, की तो हमखास भारतात येऊन पोहोचतो. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ३० मिलिबारच्या हीटरला ५० मिलिबारचा रेग्युलेटर लावल्यास गॅस सुमारे २९ टक्के जास्त जातो. उलट जोडणीत तो सुमारे २३ टक्के कमी पडतो. पहिल्या चुकीत ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी होते. दुसरीत ती दुबळी होऊन विझण्याची भीती असते.

बाजारात मिळणारा, फिरकी फिरवून दाब वाढवता येणारा उच्चदाबाचा रेग्युलेटर तर अशा वाहनात शिरताच कामा नये. तो भट्टीच्या किंवा मोठ्या बर्नरच्या कामासाठी असतो. फिरकी ३०० मिलिबारवर गेली, तर त्याच जेटमधून तिपटीहून अधिक गॅस बाहेर पडेल. झोपेत कोपर लागून फिरू शकणारी फिरकी आणि माणसांची शय्या यांचे एका छताखाली काही काम नाही.

आता भारतातील एका योगायोगाकडे पाहू. आपल्या घरगुती शेगड्यांचे मानक आयएस ४२४६ हे प्रति चौरस सेंटिमीटर ३० ग्रॅमभार, म्हणजे सुमारे २९.४ मिलिबार दाब गृहीत धरते. युरोपचा कॅराव्हॅनसाठीचा आकडाही ३० मिलिबारच. साहजिकच अनेक जण असा युक्तिवाद करतात की घरचा रेग्युलेटर वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात बिनतक्रार चालतो, दाबही तोच आहे, मग वेगळ्या रेग्युलेटरचा खर्च कशासाठी? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उभ्या वाहनात, सपाटीवर, सौम्य हवेत, केवळ दोन बर्नरच्या शेगडीपुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु दाब जुळला म्हणजे निवड संपली असे मानणे ही त्यातील चूक आहे. दाबाखेरीज आणखी तीन कसोट्या आहेत.

दुसरी कसोटी क्षमतेची. रेग्युलेटरवर दाबाबरोबर ताशी किती गॅस देता येईल हेही लिहिलेले असते आणि ते वाचण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. हिशेब सोपा आहे. एलपीजीच्या एका किलोत सुमारे १२.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे ४ किलोवॅटचा हीटर ताशी सुमारे ३१० ग्रॅम गॅस घेईल. दोन बर्नरची शेगडी पूर्ण आचेवर साधारण तेवढाच घेते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणाऱ्या झटपट गीझरला पाण्याला द्यावी लागणारी उष्णताच साडेदहा किलोवॅटच्या घरात असते. वाया जाणारी उष्णता धरली तर त्याचा एकट्याचा वापर ताशी ९०० ग्रॅमच्या आसपास जातो. ही तिन्ही उपकरणे एकाच वेळी चालू झाली, तर मागणी ताशी दीड किलोच्या पुढे जाते. क्षमतेहून अधिक गॅस ओढला की रेग्युलेटरचा निर्गम दाब खाली झुकतो, आणि कोणी गीझर सुरू केला की पलीकडचा हीटर मान टाकतो. युरोपीय कॅराव्हॅनसाठीचे रेग्युलेटर सर्रास ताशी १.५ किलो क्षमतेचे असतात, त्याचे कारण हेच. उपकरणांची यादी आधी, बेरीज मग आणि खरेदी शेवटी, असा क्रम ठेवला तर ही चूक होणार नाही. धुराडे नसलेला झटपट गीझर तर वाहनात नकोच. आपल्याकडे बंद न्हाणीघरात त्याने किती बळी घेतले आहेत, हे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदले गेले आहे.

तिसरी कसोटी थंडीची, आणि येथे रेग्युलेटरला नाहक दोष दिला जातो. आपल्या सिलिंडरमधील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर सामान्य ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. गॅस वापरला जात असताना प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्यूटेनचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे थंड प्रदेशात एक विचित्र अनुभव येतो: सिलिंडर हलवला तर आत द्रव डुचमळतो आहे, पण ज्योत पेटत नाही. कॅराव्हॅनच्या रेग्युलेटरला सामान्यतः किमान ०.३ बार आगम दाब लागतो. शुद्ध ब्यूटेन समुद्रसपाटीवर एवढा दाब सुमारे ७ अंशांना देतो. लेहच्या उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने तोच ब्यूटेन सुमारे उणे २ अंशांपर्यंत पुरतो. उंचीने केलेली मदत ती एवढीच. लेहच्या हिवाळी रात्री त्याहून कितीतरी थंड असतात.

त्यातच सिलिंडर स्वतःच स्वतःला गारठवतो. एक किलो द्रवाची वाफ व्हायला सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता लागते. ताशी ३१० ग्रॅम या हिशेबाने सिलिंडरला सतत सुमारे ३४ वॅट उष्णता बाहेरून मिळावी लागते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण अर्धा भरलेला ५ किलोचा सिलिंडर बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही तर तासाला साधारण १३ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून मिळते, म्हणून घसरण एवढी वेगाने होत नाही; मात्र पहाटे चारच्या सुमारास, जेव्हा हीटर सर्वाधिक हवा असतो, तेव्हाच सिलिंडर सर्वाधिक हतबल असतो. त्याच वेळी गॅसमध्ये ओलावा असल्यास रेग्युलेटरच्या अरुंद तोंडाशी दाब एकदम उतरून गारवा वाढतो आणि तेथे बर्फ साचू शकतो. अशा वेळी सिलिंडरखाली आच देणे किंवा रेग्युलेटरवर उकळते पाणी ओतणे हे उपाय नसून अपघाताला दिलेले आमंत्रण होय. खरा उपाय इंधनात आहे: प्रोपेनचे प्रमाण अधिक असलेला गॅस. तो मिळत नसेल तर हीटरला दोष न देता बेत बदलावा.

चौथी कसोटी गतीची. स्वयंपाकघराला खड्डे लागत नाहीत. घरगुती रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडावर बसतो आणि त्याची कळ सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवते. रोहतांगच्या वळणांवर तो सिलिंडर कलंडला किंवा धडकेत नळी तुटली, तर गॅस थांबवणारे तेथे काही नाही. म्हणूनच युरोपात चालत्या वाहनात गॅसचा हीटर वापरायचा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी क्रमांक १२२ नुसार अपघातात किंवा नळी तुटल्यास पुरवठा आपोआप बंद करणारी सोय लागते. धडक जाणवताच बंद होणारे रेग्युलेटर त्यासाठीच बनवले जातात. अशी सोय नसेल तर नियम एकच आणि तो बिनशर्त आहे: चाक फिरण्यापूर्वी रेग्युलेटर काढावा, सिलिंडरला टोपण लावावे आणि सिलिंडर उभा, पट्ट्याने जखडलेला असावा.

जागेचाही विचार हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून हवाबंद आणि तळाशी बाहेर उघडणारा असावा. वर ठेवलेली जाळी गळलेल्या गॅसच्या काही उपयोगाची नाही. भिंतीवर बसणारा रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंच असावा, म्हणजे नळीत जमणारा तेलकट अंश त्याच्या पोटात न उतरता मागे सिलिंडरकडे ओघळेल. रेग्युलेटरचे श्वासछिद्र खाली तोंड करून असावे. त्यात चिखल किंवा बर्फ गेला तर पडदा बधिर होतो. आपल्याकडील सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलण्याची शिफारस असते, पण रेग्युलेटरलाही वय असते, हे मात्र विसरले जाते. आतला पडदा रबराचाच असतो.

इथवर सांगितलेले सर्व पाळले, तरी लेहचा प्रश्न उरतोच. सुमारे ३५०० मीटर उंचीवर हवेचा दाब १०१३ वरून साधारण ६५७ हेक्टोपास्कलवर येतो. रेग्युलेटरच्या पारड्यात बाहेरची हवाच असल्याने तो इमानेइतबारे त्या विरळ हवेपेक्षा ३० मिलिबार अधिक दाब देत राहतो. आपण डोंगरावर आलो आहोत, हे त्याला कळत नाही. जेटमधून जाणारा गॅसही विरळ होतो, पण त्याचा वेग वाढतो. एकूण वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे घटून सपाटीच्या सुमारे ८१ टक्के राहते. धुराड्याच्या ओढीने किंवा ठरावीक वेगाच्या पंख्याने येणारी हवा मात्र आकारमानाने तेवढीच राहते, म्हणजे तिच्यातील प्राणवायू सुमारे ६५ टक्क्यांवर येतो. ८१ भागिले ६५ केले की प्राणवायूच्या मानाने गॅस जवळपास २५ टक्के जास्त होतो. हीटर बनवणारे जादा हवेची काही राखीव ठेव ठेवतात. लेहला पोहोचेपर्यंत तिचा मोठा भाग खर्ची पडलेला असतो. ती संपली की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास गळती सांगतो, पण जळल्यानंतर तयार झालेल्या विषाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

भारतीय हिमालयासाठी गॅस हीटर निवडणाऱ्याने रेग्युलेटरच्या आधी हीटरच्या पुस्तिकेतील उंचीची मर्यादा वाचली पाहिजे. मर्यादेच्या वर कोणताही रेग्युलेटर, कितीही महाग असला तरी, उपयोगाचा नाही. दाब कमी करून मिश्रण जमवू, असा उद्योग घरी कोणी करू नये. त्यासाठी हीटरच्या निर्मात्याने दिलेली सोय लागते. ती नसेल तर भिंतींचे उष्णतारोधन, चांगल्या दुलया, आणि त्या उंचीसाठी प्रमाणित केलेला, बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा डिझेल हीटर हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. नोव्हेंबर २०१९ पासून लडाखमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध झाले आहे. स्थानिक हवामानासाठी इंधन बदलावे लागते, हे डिझेलच्या बाबतीत आपल्याला पटले. गॅसच्या बाबतीतही ते पटायला हवे.

येथे शासनयंत्रणेचा मुद्दा येतो. मोटर कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस १२४ हे स्वतंत्र मानक आहे, कमी दाबाच्या रेग्युलेटरसाठी आयएस ९७९८ आहे, आणि सिलिंडरांवर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली देखरेख करणारी स्फोटके सुरक्षा संघटना, पेसो, नागपुरात आहे. वाहनांची मानके सिद्ध करणारी एआरएआय पुण्यात आहे. ज्ञान आहे, संस्था आहेत. परंतु गॅरेजमध्ये उभी राहिलेली व्हॅन ताब्यात घेणाऱ्या तरुण जोडप्याच्या हातात काय पडते? किल्ल्या, विम्याचे कागद आणि गाद्यांच्या रंगाची निवड. गॅसबद्दल एक ओळही नसते. या संस्थांनी मिळून मराठी, हिंदी, मल्याळम अशा भाषांत दोन पानांची मार्गदर्शिका काढावी आणि कॅराव्हॅन धोरणांखाली सवलत घेणाऱ्या प्रत्येक वाहनात ती लावणे बंधनकारक करावे. शिवाय वाहन बांधणाऱ्याने उपकरणांचा दाब, ताशी एकूण वापर, रेग्युलेटरची क्षमता, त्याच्या निर्मितीचे वर्ष आणि हीटरची उंचीची मर्यादा ही पाच माहिती सिलिंडरच्या कप्प्याच्या दारावर कोरून द्यावी. यासाठी नवे संशोधन लागत नाही आणि खर्च नगण्य आहे.

यावर एक आक्षेप येईल: इतके नियम केले तर हौशी माणूस व्हॅन बांधणारच नाही. तसे होण्याचे कारण नाही. हौसेचा खरा शत्रू अपघात असतो. वडकरासारखी आणखी एक घटना घडली, की सरसकट बंदीची मागणी होईल आणि ती करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पाच आकडे लिहिलेली एक पट्टी ही बंदीपेक्षा खूपच सौम्य गोष्ट आहे.

तोवर निर्णय वापरणाऱ्याच्या हातात आहे. दाब हीटरच्या पट्टीशी जुळवावा, क्षमता बेरजेशी, रचना प्रवासाशी आणि प्रवास उंचीशी. त्याउपर झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण लावावे आणि खिडकीची फट उघडी ठेवावी, कितीही थंडी असो. रेग्युलेटर आपले काम चोख करतो. मात्र त्याला फक्त दाब कळतो. उंची, थंडी आणि मागच्या शय्येवर झोपलेली मुले यांचा हिशेब माणसालाच करावा लागतो.